घुमटआरतीचं रेकॉर्डिंग: लेव्हल आणि हेडरूमच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२५, रविवार

काम ठरलं. वाड्यावरच्या मंडळाची घुमटआरती (घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने म्हटली जाणारी आरती) या चतुर्थीला नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायची. जागा फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवळाचा सभामंडप. वर मंगळुरी कौलं, तीन बाजू उघड्या. गणपती २७ ला बसणार, पाच दिवसांचा, म्हणजे ३१ ला विसर्जन. मुख्य रेकॉर्डिंग ३० च्या रात्री. चार घुमटं, एक शामेळ (हेही चर्मवाद्य), कासाळ्यांच्या म्हणजे मोठ्या झांजांच्या दोन जोड्या, पेटी, आणि गाणारे किती ते देवालाच ठाऊक.

मंडळाकडे जुनं एक रेकॉर्डिंग आहे, बाहेरच्या कुणाकडून करून घेतलेलं. आज ते संगणकावर उघडलं. सुरुवातीला बरं वाटतं, पण घुमटं रंगात आली की सगळं चरचरायला लागतं. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला तर प्रत्येक थापेचा माथा सपाट. काही ठिकाणी चाळीस-पन्नास सॅम्पल (आवाजाचे एका पाठोपाठ मोजलेले आकडे) सलग एकाच आकड्यावर बसलेत. ४८ किलोहर्ट्झला हा साधारण एक मिलिसेकंद झाला. एकेका थापेत असा कितीदा तरी. आपल्याकडे पोकलेन लावून डोंगरमाथे सपाट करतात ना, अगदी तसं चित्र. डी-क्लिपचं प्लगइन लावून पाहिलं. ते कडेच्या उतारावरून मधला माथा अंदाजाने बांधतं. एखाद-दुसरी थाप असती तर निभावलं असतं. इथे सगळा शेवटचा भागच गेलाय.

हे झालं कसं ते उघड आहे. करणाऱ्याने आवाज भरपूर यावा म्हणून सुरुवातीच्या संथ भागाला मीटर वरपर्यंत भरलं. मग लय चढली, तेव्हा वर जागाच, म्हणजे हेडरूमच, उरली नव्हती. शून्य डीबीएफएस हे डिजिटलचं छत (डीबी म्हणजे डेसिबल; इथे छतापासून खाली मोजतात, म्हणून आकडे उणे). त्याच्यावरचा आकडा फाइलमध्ये लिहिताच येत नाही.

फॉरमॅट: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आठ ट्रॅक. सेकंदाला सुमारे १.१५ एमबी, तासाला ४.१५ जीबी. प्रत्येक ट्रॅकची वेगळी मोनो फाइल, त्यामुळे वेव्ह फाइलची ४ जीबीची मर्यादा आड येत नाही. डिस्कवर जागा आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

साऊंडवाल्याशी बोलणं झालं. चतुर्थीला मंडपाचे लाऊडस्पीकर त्याचेच असतात, माणूस अनुभवी. मी म्हटलं, तालमीत पीक, म्हणजे सगळ्यात उंच माथा, उणे १८ च्या आसपास ठेवणार. त्याला ते पटलं नाही. "मातसो वाडय मरे (जरा वाढव रे)," म्हणाला, "एवढी कमी लेव्हल घेतलीस तर नंतर वाढवताना सगळा सूंऽऽ आवाज वर येईल."

त्याचं म्हणणं एके काळी बरोबर होतं. टेपचा स्वतःचा सळसळाट असायचा, म्हणून गाणं त्याच्यावर उचलून ठेवावं लागे. शिवाय टेप हळूहळू भरत जाते. काटा लाल पट्ट्यात गेला तरी आवाज थोडा जाड होतो, एकदम फाटत नाही. तो काटाही सरासरी दाखवणारा. व्हीयू मीटरला पूर्ण चढायला ३०० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात कासाळ्याचा ठोका येऊन गेलेलाही असतो. म्हणजे काटा शून्यावर असताना खरे माथे त्याच्या बरेच वर होते, आणि टेप ते पोटात घेत होती. पुढे १६ बिट आलं तेव्हाही ही सवय टिकली. तिला थोडा आधारही होता, कारण १६ बिटमध्ये एकूण पट्टा, म्हणजे सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, साधारण ९६ डीबीचा.

आता हिशेब बदललाय. एका बिटला ६ डीबी धरले तर २४ बिटचा पट्टा १४४ डीबीचा होतो. तो कागदावरचा, चांगले कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारे भाग) प्रत्यक्षात ११० ते १२० देतात. आपला सगळ्यात मोठा आवाज उणे १२ वर थांबला तरी खाली शंभराच्या आसपास उरतात. सभामंडपात श्रावणातल्या पावसात कोण शंभर डीबीचा पट्टा वापरणार आहे? आपला तळ कन्व्हर्टर ठरवत नाही. तो ठरवतात कौलांवरचा पाऊस, छताचा पंखा आणि मागच्या बाजूला चहाची भांडी विसळणारे हात.

युरोपातल्या प्रसारणाचा जुना संकेतही हेच सांगतो. अ‍ॅनालॉगची नेहमीची पातळी उणे १८ डीबीएफएसवर बांधायची. अमेरिकेकडे उणे २०. म्हणजे वरचे अठरा-वीस डीबी ही उधळपट्टी नव्हे, ती माथ्यांसाठी राखलेली जागा.

साऊंडवाल्याला एवढंच म्हटलं, दोन सप्टेंबरला ये आणि कानाने ऐक.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिली तालीम. घुमटांजवळ दोन डायनॅमिक माइक, शामेळाला एक, पेटीला एक, मुख्य गाणाऱ्या बुवांना एक, आणि पुढे उंचावर कंडेन्सर माइकची जोडी. आठवा चॅनेल साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून येणाऱ्या लाईनसाठी.

कासाळ्यांना वेगळा माइक मुद्दामच दिला नाही. ती कुठेही ठेवा, प्रत्येक माइकमध्ये येणारच. आज त्यांच्यावरच जास्त वेळ गेला. एकाच जोडीला एकदा ठोकून घेतलं: समोरच्या कंडेन्सरवर पीक उणे ११, आणि त्याच क्षणाची सरासरी उणे ३४ च्या आसपास. तेवीस डीबीचं अंतर. पेटीवर हेच अंतर दहा-अकराचं. म्हणून नुसतं पीक बघून 'पेटी आणि कासाळी सारखीच' म्हणणं चूक. पीक मीटर छत किती जवळ आलं एवढंच सांगतो. कानाला किती मोठं वाटेल ते तो सांगत नाही. सगळ्या वाद्यांचे माथे एका रेषेत आणायचे म्हणून गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ती खुंटी) फिरवत बसणाऱ्यांचं मिक्स नेहमी विचित्र का वाटतं, त्याचं मूळ इथे आहे.

घुमटाची गंमत वेगळी. उजवा हात चामड्यावर, डावा मागच्या उघड्या तोंडावर उघडमीट करतो. त्या तोंडासमोर माइक धरला की हवेचा झोतच माइकवर येतो. आवाज फारसा वाढलेला नसतो आणि मीटर मात्र उसळतं. माइक वीतभर बाजूला तिरका केला, उसळी गेली, गुंजन राहिलं. गेनला हात लावावा लागला नाही. लेव्हलचे अर्धे प्रश्न माइकच्या जागेतच सुटतात. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत ६ डीबी वाढतात, दुप्पट केलं की तेवढेच उतरतात. मंडपात आवाज परततो म्हणून थोडं कमी, पण दिशा तीच.

कासाळ्यांचा तो मुद्दाम घेतलेला ठोका सोडून तालमीचे सगळ्यात मोठे माथे: घुमटं उणे १७, शामेळ उणे १५, बुवा उणे १८, कंडेन्सरची जोडी उणे १४. भाचा मदतीला होता. त्याने लॅपटॉपवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला आणि म्हणाला, "मामा, आता कमी झालं बघ." म्हटलं, ते फक्त आपल्या हेडफोनमधलं कमी झालं. फाइलमध्ये जाणारी लेव्हल इंटरफेसवरच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्रावरच्या) गेनच्या खुंटीवर ठरते. फेडर त्याच्या पुढे बसतो; आत फाटून आलेलं तो हळू आवाजात फाटलेलं ऐकवेल, इतकंच.

घुमट करणाऱ्या काकांशी बोलताना एक महत्त्वाची गोष्ट कळली. आज चामडं ओलसर हवेने सैल होतं. चतुर्थीला वाजवण्याआधी ते शेकून घेतात, मग थाप कडक येते. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं. ओलाव्याला हे जास्त पटकन सैल होतं, असं काकांचं मत. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचं राज्य वारसा वाद्य म्हणून मान मिळाला तेव्हा त्यांच्याकडे बरीच विचारणा झाली, हेही सांगून झालं. माझ्या वहीत मात्र एकच ओळ गेली: शेकल्यावर किती वाढतं ते मोजायचं.

२० ऑगस्ट, बुधवार

शेकून मोजलं. त्याच हाताची, त्याच अंतरावरची थाप, साडेतीन ते चार डीबी वर. त्यात गर्दीचा उत्साह धरा. आपल्या माणसांची रीत ठाऊक आहे. तालमीत बसून वाजवतात, देवापुढे उभे राहतात. आणखी चार-पाच सहज. म्हणजे तालमीपेक्षा आठ-नऊ डीबी चढ धरायचा. उणे १४ ची जोडी उणे ५ वर पोचेल. चालेल, पण माझ्या जिवाला जरा जवळ वाटतं. जोडीचा गेन ३ डीबी उतरवला.

आज मिक्सरची लाईन तपासली आणि तिथे खरा घोळ सापडला. आठव्या चॅनेलचं मीटर उणे १० च्या वर जात नव्हतं, लाल दिवा नाही, आणि बुवांचा आवाज तरी फाटका. वेव्हफॉर्म बघितला तर माथे सपाट, पण शून्यावर नव्हेत, उणे १० वर. म्हणजे कन्व्हर्टरपर्यंत पोचण्याआधीच आवाज कापला गेला होता. मिक्सरमध्ये बुवांच्या चॅनेलचा गेन जवळजवळ पूर्ण उघडा होता आणि बाहेर जाताना मास्टर (सगळ्याची एकत्र पातळी) खाली ओढलेला. आत कापलं गेलं, बाहेर छोटं करून पाठवलं. आपल्या मीटरला ते सज्जन दिसलं.

साऊंडवाल्याने बिनतक्रार दुरुस्त केलं: चॅनेलचा गेन खाली, मास्टर त्याच्या शून्याच्या खुणेवर. आपल्याकडची केबलही माइकच्या इनपुटातून काढून लाईन इनपुटात लावली. व्यावसायिक लाईनची पातळी अधिक ४ डीबीयूची (डीबीयू हे विजेच्या संकेताचं माप), माइकची त्याच्या कितीतरी खाली; लाईन माइकच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये (माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागात) घातली की गेन पूर्ण खाली असूनही तो गुदमरू शकतो. तसं करायची पाळीच आली तर पॅड (पातळी उतरवणारं बटण) दाबावा, २० डीबी खाली.

हेडरूम ही साखळीतल्या प्रत्येक कडीला लागते. माइकचं कॅप्सूल, प्रीअ‍ॅम्प, मिक्सर, कन्व्हर्टर. एक कडी आधी भरली तर पुढची कितीही मोकळी असून काय उपयोग?

२४ ऑगस्ट, रविवार

भाच्याने मित्राकडून ३२ बिट फ्लोटचा छोटा रेकॉर्डर आणलाय. त्याचं म्हणणं, हा असला की लेव्हल लावायचीच नाही. गेनची खुंटीच नाही त्याला.

यंत्र चांगलं आहे. अशा रेकॉर्डरमध्ये सहसा दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी, एक मोठ्यासाठी, आणि दोन्हीचं जुळवून एक फाइल बनते. फाइलच्या आकड्यांना छत जवळजवळ नाहीच. पट्टा दीड हजार डीबीच्या वर. पण तो पट्टा फाइलचा. माइकचं कॅप्सूल आणि त्याच्या मागचं सर्किट तेच. हातभर अंतरावर कासाळी ठोकली तर आतला छोटा माइकच दबतो आणि फ्लोटची फाइल ते दबणं निष्ठेने लिहून ठेवते. आज करून दाखवलं. भाचा जरा हिरमुसला, मग स्वतःच रेकॉर्डर खांबाला मागे उंचावर बांधून आला. तिथे तो उत्तम. गर्दीचा आवाज तोच घेईल.

बुवांची लाईन आता नीट येते, तेव्हा त्यांचा वेगळा माइक काढला. तो चॅनेल मोकळा झाला, तिथे जोडीतल्या डाव्या माइकची दुसरी वाट जोडली, मूळ वाटेपेक्षा १२ डीबी खाली. जोडी फाटलीच तर तेवढा तुकडा तिथून घेता येईल. इंटरफेसमधला लिमिटर (माथे ठरावीक पातळीवर दाबून धरणारा भाग) बंदच ठेवतोय. तो कन्व्हर्टरच्या पुढे, डिजिटलमध्ये बसलेला आहे. कन्व्हर्टरवर फाटलेलं तो वाचवू शकत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार, रात्री उशिरा

झालं. थोडक्यात लिहितो, डोळे मिटताहेत.

संध्याकाळी पाऊस. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढल्यावर ५० हर्ट्झची घुरघुर गेली. पंखे बंद करायला सांगितलं, बायकांनी पाच मिनिटांत परत लावले. बरोबरच होतं, उकाडा असह्य होता.

सुरुवातीला मीटर इतकं खाली की साऊंडवाला मागून दोनदा डोकावून गेला. घुमटं उणे २४-२२. गेनला हात लावायचा नाही हे ठरलेलं. संथ भागात वाढवलेला गेन शेवटच्या आरतीत महाग पडतो, आणि मध्येच खुंटी फिरवली की सगळ्या ट्रॅकचं आपसातलं प्रमाण बिघडतं.

शेवटच्या आरतीला सगळे उभे राहिले. टाळ्या, कासाळी, चारी घुमटं, मागून बाप्यांचा आरोळा. जोडी उणे ७.१. घुमट एक नंबर उणे ६.४, शामेळ उणे ५.२. लाईन उणे ९. कुठेही लाल नाही. हिशेबाच्या एक-दीड डीबी इकडेतिकडे.

मधेच मंडपाच्या पायरीवर कुणीतरी माळ लावली. पहिल्या फटाक्याला जोडी सरळ छताला. खालची वाट तेव्हा उणे ६ वर, माथा शाबूत. फटाका काही ठेवायचा नाही, पण त्याच क्षणी बुवांची एक सुरेख जागा होती, ती डाव्या माइकमधून मिळेल.

डिस्कच्या दोन प्रती लगेच केल्या. एक भाच्याच्या घरी गेली.

२ सप्टेंबर, मंगळवार

साऊंडवाला ठरल्याप्रमाणे आला. त्याला आधी काही सांगितलं नाही. संथ भाग १२ डीबी वाढवून लावला. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हो पाऊस आसा?" पाऊसच होता. इंटरफेसचा सूं त्याच्या कितीतरी खाली, शोधूनही सापडत नाही. मंडपाचा तळ उणे ५८ च्या आसपास, इंटरफेसचा स्वतःचा उणे १०० च्याही खाली. दोन्ही सारखेच वाढवल्यावर अंतर तेवढंच राहतं. मग जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्याला जास्त बोलावं लागलं नाही.

बुवाही बसले होते. त्यांचं म्हणणं निराळं: केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांना केवढी खरखर, तरी गाणं पोचतंच की. (केसरबाई केरी गावच्या, त्यांचं एक गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं.) मला वाटतं बुवांनी नेमकं बोट ठेवलं. खरखरीला कान सरावतो आणि तिच्या पलीकडचं ऐकायला लागतो. फाटलेल्या आवाजाचं तसं होत नाही, कारण तिथे ऐकायचं तेच तुटलेलं असतं. दोन्हीत निवडायचंच असेल तर मी लेव्हल खालीच ठेवीन.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मिक्स. आठ ट्रॅक एकत्र आले की बेरीज वाढते. वेगवेगळ्या वाद्यांची असेल तर ट्रॅक दुप्पट झाले की साधारण ३ डीबी, म्हणजे आठांचे नऊ. तोच आवाज सगळ्यात एकदम असेल तर याच्या दुप्पट. कासाळी प्रत्येक माइकमध्ये आहेतच, त्यामुळे खरा आकडा मधे कुठेतरी. सगळे फेडर शून्यावर ठेवल्यावर मास्टर अधिक २ दाखवत होता. सॉफ्टवेअर आतून फ्लोटमध्ये चालतं, म्हणून तिथे काही फुटलं नाही. पण २४ बिटमध्ये बाहेर काढताना फुटलं असतं. मास्टरवर लिमिटर ठोकण्याऐवजी सगळे ट्रॅक एकत्र ८ डीबी खाली घेतले. प्रमाण तेच, जागा मोकळी.

ट्रॅक एकेक नॉर्मलाइझ करायचा (प्रत्येकाचा माथा एकाच पातळीवर आणायचा) मोह भाच्याला झाला होता. करू दिलं नाही. तालाच्या माणसांनी आपसात जो तोल सांभाळला तो आपण कशाला मोडायचा?

७ सप्टेंबर, रविवार

ऐकण्याची प्रत तयार. लाउडनेस उणे १६ लफ्स (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप), ट्रू पीक उणे १. एक जागा अशी निघाली की सॅम्पलचा माथा उणे ०.४ दिसत होता आणि ट्रू पीक अधिक ०.३, दोन सॅम्पलांच्या मधला खरा माथा वर होता. एमपी३ किंवा एएसीत बदलताना असले माथे आणखी सरकतात, म्हणून वरचा एक डीबी मोकळा. यूट्यूब सुमारे उणे १४ च्या वरचं स्वतःच खाली आणतं, तेव्हा ठेचून मोठं करण्यात काही हशील नाही. प्रसारणाला द्यायची वेळ आलीच तर युरोपियन मानकाची उणे २३ ची वेगळी प्रत काढता येईल.

मंडळातल्या एकाला फोनवर आवाज कमी वाटला. त्याला वाढवायचं बटण दाखवलं.

मूळ आठ ट्रॅक आणि खांबावरच्या रेकॉर्डरची फाइल जशीच्या तशी, काहीही न लावता, वेगळ्या फोल्डरमध्ये. सोबत एक मजकूर फाइल: कुठल्या चॅनेलला कुठला माइक, किती अंतरावर, गेनची खुंटी कुठे, ३० तारखेचे सर्वोच्च माथे, आणि घुमटं शेकलेली होती ही नोंद. पुढच्या वर्षी घुमटं पाच होणार म्हणतात, तेव्हा जोडीचा गेन आणखी २ डीबी खालून सुरू करायचा. शामेळाचा माइक बदलायचा आहे, त्याची केबल खरखरते.